बॉक्स बेड नकोच! (आणि आईची खोली)

धायरीकर
कोथरूडचं जुनं घर सोडताना गेल्या आठवड्यात बॉक्स बेड रिकामा केला. २००९ साली सुतार बसवून केलेला, पाच बाय साडेसहा, प्लाय आणि वर सनमायका. आतून निघालेला ऐवज: दोन मच्छरदाण्या, एक व्हीसीडी प्लेयर (रिमोट नाही), मुलीच्या पाळण्याची दोरी, कुणाच्या तरी रुखवतातली नऊ स्टीलची ताटं, झाकणं नसलेले चार डबे. आणि सगळ्यात तळाशी आजीच्या नऊवारींची गोधडी. उचलली तर भिंतीकडची अख्खी बाजू काळ्या ठिपक्यांनी भरलेली. भिंतीपलीकडे बाथरूम आहे. म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्या बुरशीवर एक फळी आणि एक गादी टाकून सुखाने झोपत होतो, आणि सकाळी शिंका का येतात म्हणून डॉक्टर बदलत होतो.

तेव्हा माझं ठाम मत: बेडरूम म्हणजे माळा नव्हे. नव्या घरात (टूबीएचके, आईची खोली १० बाय ११) चार पायांचा साधा पलंग करायचा. खालून झाडू फिरला पाहिजे, वारा खेळला पाहिजे. आमच्या सुताराला हे पटत नाहीये. "साहेब, आजकाल असा पलंग कोणी करत नाही," म्हणतो. तुमचं काय मत?

वनबीएचके_पाच_माणसं
मत हे की पायांचा पलंग ही जागावाल्यांची चैन आहे. कांजूरमार्ग, ३४० चौरस फूट कार्पेट, आम्ही पाच जण. आमच्या बेडखाली गणपतीचं मखर, चार रजया, सासूबाईंच्या पैठण्या, दोन बॅगा आणि वर्षाचे तांदूळ आहेत. हे सगळं कुठे ठेवू, तुमच्या खेळणाऱ्या वाऱ्यावर?

हिशोब करा. पाच बाय साडेसहाचा बेड साडेबत्तीस चौरस फूट जमीन अडवतो. तुमच्या ११० फुटांच्या खोलीतली जवळजवळ तीस टक्के. मुंबईत त्या तुकड्याला काय भाव पडतो ते बिल्डरला विचारा, आणि मग मला सांगा की त्याच्याखाली हवा भरून ठेवू. व्हीसीडी प्लेयर बेडने ठेवला नव्हता, तुम्ही ठेवला होतात.

पडवी
धागाकर्त्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या गुहागरच्या घरी माडीवर पणजोबांचा सागवानी पलंग आहे, मच्छरदाणीचे दांडे अडकवायला चारी कोपऱ्यांत भोकं असलेला. खालून मांजर आरामात जातं. कोकणात जून ते सप्टेंबर काहीही बंद करून ठेवलं की संपलं. कापसाची गादी पाऊस उघडला की उन्हात टाकायची, हा दंडक होता. आता फोमच्या गाद्या उन्हात टाकत नाही कोणी, त्यातून खाली बंद पेटी. बुरशीला आणखी काय हवं!

वनबीएचके_पाच_माणसं
@पडवी, माडी. पडवी. पणजोबा. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

रंधा
या धंद्यात वीसेक वर्षं आहे, म्हणून दोन्हीकडच्यांना थोडं थोडं बोलतो.

गोधडी बेडने नाही, भिंतीने खाल्ली. बाथरूमच्या भिंतीला चिकटून बंद पेटी ठेवली, आत कमर्शियल प्लाय (दुकानात एमआर म्हणतात, आयएस ३०३, हवेतल्या दमटपणापुरताच), आतून सनमायकाचा लायनरही नाही, हवेला भोक नाही. मग वेगळं काय होणार? ओल येणाऱ्या खोलीत ७१० मागायचा, म्हणजे आयएस ७१०, बीडब्ल्यूपी, उकळत्या पाण्यातही न सुटणारा. शिक्का प्रत्येक शीटवर बघायचा, फक्त बिलावर नाही. माल उतरताना स्वतः उभं राहा. वरच्या चार शीट ७१० आणि खाली एमआर, असा ढीग मी डोळ्यांनी पाहिलाय. भिंतीपासून दोन इंच सोडा, पेटीला मागून आणि पायाकडून जाळी बसवा. हे केलं तर बॉक्स बेड वर्षानुवर्षं चांगला राहतो.

आता बॉक्सवाल्यांना. बेडची फळी वर उचलून धरतं, ज्याला सगळे हायड्रॉलिक म्हणतात, ते तसलं काही नसतं, दाबाने गॅस भरलेली नळी असते. ती गादीच्या वजनाप्रमाणे निवडायची असते. ४ इंची फोमसाठी बसवलेल्या नळीवर तुम्ही पुढे ८ इंची जड गादी आणून टाकलीत तर फळी उचलताना कंबर जाणार. हलकी गादी आणि ताकदवान नळी असेल तर उलट, फळी नीट बसतच नाही. शिवाय काही वर्षांनी गॅस कमी होतो, नळी बदलावी लागते. म्हणून गादी आधी ठरवा, बेड नंतर. लांबीतही ७२, ७५ आणि ७८ इंच असे तीन प्रकार बाजारात आहेत. सुतार "सहा बाय सहा" म्हणून मोकळा होतो आणि मग गादी कापून घ्यायला लोक दुकानं शोधत फिरतात.

सौ_टेप
"गादी आधी" हे खोलीत घुसण्याआधी पाटीवर लिहून लावा. आमची कहाणी: फ्लॅट घेताना सॅम्पल फ्लॅटमध्ये बेडरूम केवढी ऐसपैस दिसत होती. ताबा मिळाल्यावर आपला बेड टाकला तर कपाटाचं दार अर्धंच उघडेना. पुन्हा जाऊन सॅम्पलमधला बेड मोजला, टेपने नाही, नवऱ्याला आडवा करून. त्याचे पाय घोट्यापासून बाहेर! (विक्रीवाला मुलगा गालात हसत होता.)

धायरीकर, तुमच्या ११ फुटांतून कपाटाचे २ आणि बेडचे साडेसहा वजा करा. अडीच फूट उरतात. तेवढ्यात दार उघडतं आणि माणूसही वळतं. बाजूंना पाच फुटी बेडला अडीच-अडीच फूट राहतात, सहा फुटी घेतलात तर दोनच. आईची एकटीची खोली आहे ना? मग चार फुटीही पुरेल, हे कुणी का बोलत नाहीये?

बल्लारशा
प्लायवरच सगळी चर्चा! आमच्याकडे या. आलापल्लीचा साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेला, तो पुण्याच्या पलंगाला चालणार नाही का? भरीव लाकडाचा पलंग एकदा करायचा, नातवंडं झोपतील.

रंधा
@बल्लारशा, लाकूड एक नंबर, वाद नाही. पण "साग आहे, वाळवी लागत नाही" हे अर्धसत्य. लागत नाही ती आतल्या तपकिरी गाभ्याला. कडेचा पांढरट भाग ती आवडीने खाते. लवकर तोडलेल्या झाडात तोच भाग जास्त असतो, आणि पॉलिश चढलं की सगळं एकाच रंगाचं दिसतं. पॉलिशआधी जाऊन बघा. (प्लाय आणि साग सोडून लोक तयार पार्टिकल बोर्डचे बेड घेतात, त्यांचं एकच सांगतो: दोन वेळा घर बदललंत तर स्क्रू धरत नाहीत, भुसा होतो.)

भाडेकरू_बंगळुरू
सहा वर्षांत चार घरं झाली. माझा लोखंडी पलंग दहा मिनिटांत खोलला जातो, चौदा बोल्ट. दर वेळी तेरा सापडतात.

नैऋत्य
डोकं दक्षिणेला येईल ना? तेवढं बघा. आणि पलंगासमोर आरसा नको.

वनबीएचके_पाच_माणसं
@नैऋत्य, आमच्याकडे डोकं जिकडे जागा तिकडे.

मायलेकी
मी बॉक्स बेडवाल्यांच्या बाजूची होते, गेल्या दिवाळीपर्यंत. आईने फराळाचे मोठे डबे काढायला फळी वर केली. एका बाजूच्या नळीतला गॅस गेलेला होता हे कुणाला माहीत नव्हतं. फळी तिरकी खाली आली आणि तिची दोन बोटं कडेत सापडली. नखं काळी पडून गळाली, एवढ्यावर निभावलं. ७० वर्षांच्या बाईला स्वतःचेच डबे काढायला मुलाच्या सुट्टीची वाट बघायला लागणं बरोबर नाही. घरात वय झालेलं माणूस असेल तर खणांचं स्टोरेज करा नाहीतर करूच नका.

धायरीकर, एक विचारू? आईची खोली म्हणताय, आईंना विचारलंत?

धायरीकर
@मायलेकी, हा प्रश्न कुणीतरी विचारणार याची भीती होतीच. काल विचारलं.

आईचं म्हणणं असं. एक, तिचं लोखंडी कपाट येणार. १९७८ च्या लग्नातलं, आरसा डागाळलेला, पण त्याच्या आतल्या खणाची किल्ली तिच्या कमरेला असते आणि ती तिथेच राहणार. तुमचं ते सरकत्या दारांचं वॉर्डरोब तुमच्या खोलीत करा, म्हणाली. दोन, पलंगाखाली तिची पत्र्याची पेटी मावली पाहिजे. तीन, "मला वाकायला लावू नका आणि चढायलाही लावू नका." पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

म्हणजे बॉक्सही नको आणि माझं ते वारा खेळणंही बाजूला. तिला पेटी हवीय. मी म्हटलं, पेटीसुद्धा बंदच असते ना, तिला बुरशी लागेल. तर म्हणे, "दर महिन्याला उघडते मी. तुम्ही पंधरा वर्षांत एकदा उघडलात."

वनबीएचके_पाच_माणसं
आईंना साष्टांग नमस्कार. पण बघा, पलंगाखाली सामान आलंच!

पडवी
आलं, पण पाय असलेल्या पलंगाखाली आलं. ओढून काढता येतं, मागून झाडता येतं. दोन्ही एक नव्हे.

धायरीकर
सुतार रविवारी येतोय. रंधा, एक अडचण सोडवा. पेटी मोजली, कडीसकट १३ इंच उंच. म्हणजे खाली १४ मोकळे हवेत. वर पाटी-फळीचे ३ आणि गादी ५. एकूण २२. आई स्वयंपाकघरातल्या ज्या खुर्चीवर आरामात बसते ती १७ इंच आहे. २२ वर पाय लोंबतील.

रंधा
पेटी पलंगाखाली घालूच नका. पलंग १८ चा करा: खाली १०, पाटी ३, गादी ५. चार फुटीच करा, सौ टेप बरोबर बोलल्या. बाजूला तब्बल सहा फूट राहतात. त्यात भिंतीकडेला पेटी ठेवा, खाली दोन विटांऐवजी चार इंची लाकडी घोडी. १७ इंचांची बैठक झाली, वर गादीचा पातळ तुकडा टाका. वाकणं नाही, चढणं नाही, आणि चप्पल घालायला बसायची सोय.

धायरीकर
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "घोडी सागाची करायला सांग." आणि लगेच, "पांढरट भाग नको म्हणावं."