हायपेशियाला मराठीत काय म्हणावे: ज्योतिषी की खगोलविद?

चौथ्या-पाचव्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हायपेशिया या ग्रीक विदुषीचा उल्लेख मराठीत करताना 'ज्योतिषी' हा शब्द सहसा टाळला जातो, कारण तो ऐकताच पत्रिका मांडून बसलेले गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. तरीही १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात शंकर बाळकृष्ण दीक्षितांना 'ज्योतिष' म्हणजे मुख्यतः ग्रहगणितच अभिप्रेत होते. ग्रीकमध्येही अशीच सरमिसळ होती. उत्तर-प्राचीन काळात 'माथेमाटिकोस' म्हणजे गणितीही आणि भविष्य सांगणाराही.

'खगोलशास्त्रज्ञ' या शब्दातील 'खगोल' जुनाच आहे. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायात तो येतो. मला खटकतो तो 'शास्त्रज्ञ', कारण त्यासोबत आजची प्रयोगशाळा नकळत पाचव्या शतकात शिरते. 'ज्योतिर्विद' सुरेख आहे, पण ती पदवी भविष्यकारही लावतात. म्हणून मी 'खगोलविद' पसंत करतो.

तिच्या जवळच्यांनी वापरलेला शब्द मात्र निराळाच आहे. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या खगोलावरील ग्रंथावर तिचा पिता थिऑन याने भाष्य लिहिले आणि त्या भाष्याच्या तिसऱ्या भागाच्या शीर्षकात ही प्रत 'माझी कन्या, तत्त्वज्ञ हायपेशिया' हिने वाचून तपासल्याची नोंद केली. तिथला 'फिलोसोफोस' हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही त्याच रूपात लागतो, लिंग फक्त उपपदावरून (इंग्रजी 'द'सारख्या शब्दावरून) कळते. आपल्या 'तत्त्वज्ञ' शब्दाचेही तसेच आहे, तिथे लिंग क्रियापद सांगते. त्यामुळे ती स्त्री आहे हे दाखवायला 'विदुषी' म्हणायची गरज नाही. तो शब्द आदराचा असला तरी तिथे पुरेसाही नाही, कारण तिची विद्या कोणती, हे त्यातून कळत नाही.

त्या नोंदीतील क्रियापदाचा अर्थ पाठ वाचून, ताडून पाहणे असा आहे. आपण 'संशोधन' शब्द आता नव्या शोधासाठी वापरतो, पण 'संशोधित आवृत्ती' म्हणताना त्याचा मूळचा शुद्ध करण्याचा अर्थ अजून टिकून आहे, आणि हायपेशियाच्या कामाला तोच नेमका बसतो.

एक लहानशी पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट क्रियापदाची आहे. 'थिऑन गणिती होते आणि त्यांची मुलगी हायपेशिया खगोलविद होती' अशी वाक्ये सर्रास लिहिली जातात. तिचा शिष्य सिनेसियस तिला 'परमपूज्य गुरू' म्हणतो. तेव्हा थिऑन 'होते' असतील, तर हायपेशियाही 'होत्या' असे लिहावे, नाहीतर दोघांनाही एकेरी ठेवावे.