मदत हवी आहे : म्युझियममधल्या बिबट्यासाठी

एक गूढ कादंबरी लिहितेय. काळ १९६०च्या आसपासचा, जागा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं प्राणी-पक्ष्यांचं दालन. पेंढा भरलेला बिबट्या रात्री काचेआड मान वळवतो, आणि रखवालदार एकामागून एक आजारी पडतात. भूत की आर्सेनिकचं विष, हा पेच शेवटपर्यंत ताणायचाय. (कातड्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी आतून आर्सेनिकयुक्त साबण चोळायचे.) भुताचं मी निभावून नेईन, अडलंय ते साध्या गोष्टींवर. अशी काचपेटी उघडतात कुठून, पुढून की मागून? किल्ली कुणाकडे असते? काचेचे डोळे निखळले तर कशाने चिकटवतात? म्युझियममध्ये किंवा टॅक्सिडर्मीचं (मेलेल्या प्राण्यांची कातडी भरून ती टिकवण्याचं) काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. जुने फोटोही चालतील.