चाळिशी-पन्नाशीत अचानक सुरू झालेली फिट – तुमचे अनुभव लिहा

नवऱ्याला ४६व्या वर्षी पहिली फिट आली, तीही झोपेत. घराण्यात कुणाला नाही, डोक्याला मार नाही, शुगर सोडियम नॉर्मल, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) सगळं क्लिअर. मग काही दिवसांनी दुसरी आली आणि डॉक्टर म्हणाले कारण नसताना 24 तासांहून जास्त अंतराने दोनदा आली म्हणजे एपिलेप्सी (अपस्मार) धरायची, गोळी सुरू. कारण? माहीत नाही. आता आठवतं तर त्याच्या आधी कितीतरी महिने तो बोलता बोलता थांबायचा, एकटक बघत राहायचा, ओठ चाटायचा, शर्टाचं बटण चाचपत बसायचा आणि हाक मारली की "काय गं?" म्हणायचा. ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, सुरुवातीला काय दिसलं ते तर नक्कीच.

—

अगदी हेच! मला पोटातून काहीतरी वर चढतंय असं व्हायचं, मग हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटायचं, मिनिटभरात संपायचं. आधी अ‍ॅसिडिटीची औषधं झाली, मग पॅनिक अटॅकची. ताईने मोबाईलवर शूट केलं ते न्यूरोलॉजिस्टने बघितलं आणि लगेच म्हणाले या फोकल फिट आहेत, म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणाऱ्या. साधा ईईजी नॉर्मल होता, रात्री जागवून काढला त्यात टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानाजवळचा भाग) दिसलं. साध्या ईईजीच्या त्या अर्ध्या तासात काही सापडलं नाही म्हणजे फिट नाही असं नसतं हो, त्यामुळे व्हिडिओ काढाच.

—

आमच्या आईचं (५८) वेगळंच निघालं. एका बाजूचा हात आणि चेहरा क्षणभर खेचला जायचा, दिवसातून कितीतरी वेळा, हातातला कप पडायचा. सोडियम कमी, त्यात विसरायलाही लागली. फिटच्या गोळ्यांनी ढिम्म फरक नाही. शेवटी अँटीबॉडी टेस्ट केली, एलजीआय१ पॉझिटिव्ह, म्हणजे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते आणि मेंदूला सूज येते तो आजार. स्टेरॉइडवर झटके थांबले, आठवण हळूहळू परत येतेय. विसरणं आणि असे झटके सोबत दिसले तर या टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा.

—

दादाची तर फिट नव्हतीच. उभ्या उभ्या कोसळायचा, हातपाय झटकायचा, पण क्षणात शुद्धीवर, जीभ चावलेली नाही, नंतर गोंधळलेला नाही. होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं अंगावर लावायचं यंत्र) लावला तेव्हा कळलं हृदयाचे ठोकेच मधे थांबतायत. पेसमेकर बसवला. ईसीजी प्रत्येकाचा व्हायलाच हवा.

—

मी ५३, कारण अजून नाही. लेव्हेटिरासिटाम या फिटच्या गोळीने फिट थांबल्या पण इतकी चिडचिड व्हायची की बायकोने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी हळूहळू दुसरी गोळी सुरू केली, आता बरंय. मनाने बंद मात्र करू नका, एकदम सोडली तर फिटमागून फिट येऊ शकते. गाडी चालवणं बंद झालं ते मला फिटपेक्षा जास्त लागलं.

—

मी नर्स आहे म्हणून एवढंच लिहिते. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली तर थेट हॉस्पिटल.

—

सगळ्यांना खूप थँक्स. होल्टरचं आम्हाला कुणीच बोललं नव्हतं, पुढच्या व्हिजिटला विचारते. ज्यांच्या ताईने शूट केलं त्यांना एक विचारायचंय, ईईजीसाठी रात्री जागताना घरी फिट येईल ही भीती नव्हती वाटली का, सोबत कोण होतं?