मदत हवी आहे: मध्य व्हिएतनाम दिवाळीत की मे महिन्यात? (सोबत ६९ वर्षांच्या आई)

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. घरातले पाचही जण एकत्र परदेशी जायची ही पहिलीच वेळ: मी, नवरा, आठवीतला मुलगा, सासूबाई (त्यांना आम्ही आईच म्हणतो) आणि नणंदेची मुलगी, जिला ऐरोलीत पहिली नोकरी लागून नुकतंच वर्ष झालंय. ठिकाण पक्कं आहे: दा नांग, होई आन आणि मी-सन. घोडं अडलंय ते तारखांवर.

हेच ठिकाण का, ते आधी सांगते, म्हणजे "त्यापेक्षा बालीला जा" हा सल्ला द्यायचे तुमचे कष्ट वाचतील. आईंनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यांची टाचणांची एक वही अजून कपाटात आहे, शिवण उसवलेली, रबर लावून ठेवलेली. तिच्यात एका पानावर पेन्सिलीने काढलेला नकाशा आहे आणि शेजारी लिहिलंय: "चंपा. राजा भद्रवर्मन. देव भद्रेश्वर." मी-सन ते हेच. चौथ्या शतकात भद्रवर्मनाने तिथे शिवमंदिर बांधलं आणि देवाला स्वतःच्या नावाला जोडून नाव दिलं. पुढे जवळजवळ हजार वर्षं चंपाचे, म्हणजे तिथल्या जुन्या चाम लोकांच्या राज्याचे, राजे त्या दरीत विटांची देवळं बांधत राहिले. तिथले बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत तिथलं सगळ्यात देखणं शिखर गेलं. अलीकडे आपल्याच पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी केली आणि २०२० मध्ये काम चालू असताना एकसंध वालुकाश्मातलं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. ती बातमी कापून आईंनी वहीत त्याच पानावर चिकटवली आहे.

आई दर सोमवारी कौपिनेश्वराला जातात. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने विचारलं, "आजी, बऱ्या झालात की पहिल्यांदा कुठे जाणार?" आई म्हणाल्या, "भद्रेश्वराला." तिला वाटलं कोकणातलं देऊळ असेल. मी स्वयंपाकघरात होते, ऐकलं, आणि त्याच दिवशी ठरवलं की आईंना घेऊन जायचंच.

आता अडचण. दिवाळीत सगळ्यांना एकदम सुट्टी असते, म्हणून एका टूर कंपनीकडे दिवाळीचं बुकिंग केलं आणि २५ हजार भरले. "पाऊस असतो का हो तिकडे?" असं मी तोंडावर विचारलं होतं. उत्तर मिळालं, "एखाददुसरी सर येते, मॅडम." घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की मध्य व्हिएतनामचा खरा पावसाळा सप्टेंबर ते डिसेंबर असतो, आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट. एकट्या ऑक्टोबरमध्ये दा नांगला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपला पावसाळा संपतो तेव्हा ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरून थेट त्या किनाऱ्यावर आदळतात, मागे लगेच डोंगर, आणि वर वादळं. होई आनमधून वाहणारी थू बोन नदी मग गावात शिरते. तिथल्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात, तान की त्याचं नाव, भिंतीवर कोणत्या साली पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा सालासकट करून ठेवल्या आहेत. २६ जुलै २००५ ची रात्र मी ठाणे स्टेशनात काढलेली बाई आहे. आईंना घेऊन पुराच्या गावात मी जाणार नाही.

हे सांगितल्यावर कंपनीने दुसरा पर्याय दिला: दक्षिणेला फू क्वोक बेट आणि हो ची मिन्ह सिटी. दिवाळीच्या सुमाराला तिकडे पाऊस ओसरत आलेला असतो, म्हणजे हवामानाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. पण त्यात मी-सन नाही. मग आईंनी कशासाठी यायचं? रिसॉर्टच्या खुर्चीत बसायला?

नवरा अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे मार्च आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा शक्यच नाही. मुलाची परीक्षा एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत लांबते. ३० एप्रिल आणि १ मे हे दोन्ही दिवस व्हिएतनाममध्ये राष्ट्रीय सुट्टीचे, तेव्हा दा नांगचा किनारा तिथल्याच लोकांनी भरून जातो. म्हणजे उरला मे. कोरडा, पण पारा ३३-३४ आणि घामाच्या धारा. माझं मत असं की ऊन सांभाळता येतं: पहाटे निघायचं, अकराच्या आत खोलीवर परत. पुराचं तसं नाही. पण नवरा म्हणतो, नव्या गुडघ्याने विटांच्या देवळांत मे महिन्यात फिरवायचं हे धाडस आहे. मे महिन्यात वयस्कर माणसांना घेऊन मी-सनला कोणी गेलं असेल तर कृपया नीट सविस्तर सांगा. फाटकापासून देवळांकडे बॅटरीवरच्या गाड्या नेतात एवढं कळलंय, पण उतरल्यावर किती चालावं लागतं? आई तलावपाळीच्या दोन फेऱ्या न थांबता मारतात, पायऱ्या मात्र कठड्याला धरूनच चढतात.

बाकीच्यांचंही बघायचंय. नवऱ्याला सात वर्षांत सलग चार दिवस रजा मिळालेली नाही, त्याला समुद्रासमोर नुसतं पडून राहायचंय, आणि तो त्याचा हक्कच आहे. दा नांगचा मी-खे किनारा घ्यावा की होई आनजवळचा आन बांग? दोन्ही गावांत अंतर तीसेक किलोमीटर आहे. माझ्या मनात असं आहे की पाच रात्री होई आनलाच राहावं, कारण तिथून मी-सन चाळीसेक किलोमीटर, दा नांगहून सत्तर. आईंसाठी तीस किलोमीटरचा तो फरक मोठा आहे.

भाचीला रात्रीची मजा हवी आहे. तिचं वय आहे, तिने करावी. पण होई आन रात्री लवकर मिटतं म्हणे. दा नांगला आन थुओंग भागात बार आणि संगीत असतं, शनिवार-रविवारी नऊ वाजता ड्रॅगन पूल तोंडातून आग ओकतो, ते मुलालाही बघायचंय. येताना हो ची मिन्ह सिटीत एक रात्र थांबून तिला बुई व्हिएन रस्ता दाखवावा का? मुलीने एकटीने किंवा मामासोबत तिथे जाणं कितपत ठीक, ते तिथे गेलेल्या मुलींनी मोकळेपणाने लिहा.

खाण्याचं म्हणाल तर आई शाकाहारी. 'चाय' असं लिहिलेली पाटी म्हणजे शाकाहारी, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक मांसाहार टाळतात, हे वाचून आई खूश झाल्या. पण माशाचा सॉस सगळ्यातच घालतात, तो नको हे वाक्य लिहून नेलं तर पुरतं का?

शेवटची शंका कागदपत्रांची. ई-व्हिसा सरकारी साइटवर २५ डॉलरला मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा. पण आईंच्या जुन्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, पूर्ण नाव एकाच रकान्यात. अर्ज भरताना कोणाला हा त्रास झालाय का?

दुसऱ्या दिवशी: सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी आईंना सगळी वाचून दाखवली. आडनावाचं तुम्ही बहुतेकांनी सांगितलंत तेच करतेय: व्हिसाचा अर्ज थांबवला आणि आधी पासपोर्टच दुरुस्त करायला टाकतोय. वेळ हाताशी आहे.

पौर्णिमेच्या आदल्या रात्रीबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचे विशेष आभार. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री होई आनच्या जुन्या गावात विजेचे दिवे मालवून फक्त कंदील लावतात हे मला ठाऊक होतं, पण मे महिन्यात ती रात्र बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी येईल हे डोक्यात आलंच नव्हतं. आईंनी लगेच कालनिर्णय उतरवून वैशाखाचं पान काढलं आणि पेन्सिलीने गोल केला. नवऱ्यानेही तो गोल पाहिला आणि रजेचा अर्ज त्याच आठवड्याचा टाकतो म्हणाला. म्हणजे मे पक्का. दिवाळीच्या २५ हजारांपैकी कंपनी किती परत देते ते बघू, नाही दिले तरी आता मागे फिरायचं नाही.

दा नांगच्या चाम शिल्पांच्या संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवा असं दोघांनी लिहिलंय. आईंचा प्रश्न आहे, जसाच्या तसा देते: "संग्रहालय मी-सनच्या आधी बघावं की नंतर?" देवळांतल्या मूळ मूर्ती बऱ्याच तिकडे हलवल्या आहेत, त्यामुळे मूर्ती आधी बघून मग रिकामे गाभारे बघायचे की उलट, हे त्यांना ठरवायचंय. ज्यांनी दोन्ही बघितलंय त्यांनी सांगा, मी त्यांना वाचून दाखवेन.