एकांकिकेसाठी मदत हवी: लेडी सॅलिस्बरीचं खोगीर कसं होतं?

रंगपट: कोल्हापुरातल्या एकांकिका स्पर्धेसाठी इंग्लंडमधल्या सॅलिस्बरीची पहिली मार्शनेस (मार्क्वेस या सरदाराची पत्नी) एमिली मेरी हिच्यावर संहिता बसवतोय. प्रवेश दोनच: कोल्ह्याची शिकार आणि 1835 ची आग. दोन्ही पाय डावीकडे टाकून बसायचं खोगीर सुताराकडून करून घ्यायचंय. फोटोंत खोगिराच्या शिंगांपैकी, म्हणजे मांडीला आधार देणाऱ्या वाकड्या खुंट्यांपैकी, एक वर आणि एक खाली वाकलेलं दिसतं. तसंच करायचं का? कपडे कसले?

मोतद्दार: तसं अजिबात करू नका. डाव्या मांडीवर वाकलेलं ते खालचं शिंग 1830 च्या आसपास आलं. बाईंचा जन्म 1750 चा, आणि हॅटफिल्डच्या शिकारी कुत्र्यांचं प्रमुखपद त्यांनी 1819 ला सोडलं. म्हणजे सगळी कुंपणं त्या आधाराविना ओलांडली! हे खोगिरातच दिसलं पाहिजे.

दोन्ही शिंगं वरच घ्या. उजवी मांडी त्यांच्या बेचक्यात, पोटरी घोड्याच्या डाव्या खांद्यावर, डावा पाय रिकिबीत. उजवीकडे पायच नसतो, म्हणून ते काम उजव्या हातातला चाबूक करतो. नटीचा उजवा खांदा पुढे येऊ देऊ नका. तो आला की कंबर डावीकडे वळते, सगळा भार रिकिबीवर जातो, खोगीर डावीकडे सरकतं. खऱ्या घोड्याची पाठ अशानंच सोलते.

15 मुठी घोडा म्हणजे 60 इंच. रंगमंचावर 48 इंचांची लाकडी घोडी पुरे. शिंगं खिळ्यांवर ठोकू नका, नट-बोल्ट आरपार घाला, कारण नटीचा सगळा तोल तिथंच असतो.

जरीकाठ: पोशाख आकाशी निळा, कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या काळ्या, डोक्यावर जॉकी टोपी. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा डोळ्यांसमोर असेल तर बाजूला ठेवा. काष्ट्यात घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकता येतात, या झग्यात नाही.

झग्याचं माप नटीला घोडीवर बसवूनच घ्या. उभ्यानं घेतलंत तर उजवा गुडघा वर आला की तेवढीच कड चढते. शिवाय तिथं घेर कमी पडला तर उतरताना कापड शिंगात अडकतं. त्या काळी बायका घोड्यामागे फरफटत जायच्या त्या याही कारणानं.

मोतद्दार: एक राहिलं. उतारवयात नजर गेली तरी त्या खोगिराला बांधून घेऊन शिकारीला जायच्या आणि मोतद्दार दोरी धरून घोडा नेई, असं सांगतात. तो प्रवेश केलात तर दोरी मोतद्दाराच्या हातात हवीच.

दिवटी: आगीबद्दल. तारीख 27 नोव्हेंबर 1835, वय 85. त्यांच्या हॅटफिल्ड हाउस या वाड्याची पश्चिमेची बाजू जळाली; मुख्य इमारत आजही उभी आहे, तेव्हा सगळा वाडा पेटलेला दाखवू नका. मेणबत्तीच्या उजेडात लिहीत बसल्या असताना डोक्यावरच्या शृंगारानं पेट घेतला असावा, असं मानतात. जुन्या पद्धतीचा उंच केशसंभार त्यांनी म्हातारपणीही सोडला नव्हता. म्हणून मेणबत्ती टेबलावर नटीच्या कपाळाच्या उंचीला ठेवा. ती खाली वाकली की प्रेक्षकाला आपोआप कळेल. खरी ज्योत मात्र नको, पीस आणि जाळी क्षणात पेटतात. बॅटरीची मेणबत्ती आणि बाजूनं नारिंगी जेल (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक पडदा) लावलेला दिवा.

रंगपट: खालचं शिंग रद्द. झग्याचं माप रविवारी घोडीवर बसवून घेतो.