मदत हवी आहे: टर्बो पेट्रोलची टायमिंग चेन बदलायची आहे

मंडळी, गाडी २ लिटर टर्बो पेट्रोल, रिमॅप केलेली (जास्त ताकदीसाठी इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली). सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टायमिंग कव्हरमागून क्षणभर खळखळ येते, ऑइल प्रेशर आलं की बंद. स्कॅनरवर पी००१६ कोडही आला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट यांचा मेळ सुटतोय. या दोघांना जोडणारी चेन ताणली असावी, नाहीतर तिला घट्ट ठेवणारा टेन्शनर गेला. चेन स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) दातांवरून घसरली तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटू शकतात, म्हणून गाडी सध्या उभीच आहे, तीही सपाटीवर. पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर गिअरमध्ये लावली आणि इंजिन किंचित उलटं फिरलं, तर कमजोर टेन्शनर सरळ दगा देऊ शकतो.

म्हापशातले मेकॅनिक म्हणतात, नुसता टेन्शनर टाकू. मला पटत नाही. एवढं उघडल्यावर चेन, गाईड (चेनला दिशा देणाऱ्या पट्ट्या), स्प्रॉकेट, क्रँकचा नवा बोल्ट, सगळं एकदमच बदलायला हवं ना?

माझा खरा प्रश्न: रिमॅपवर कंपनीचं सुधारित ओरिजिनल किट पुरतं की हेवी ड्युटी चेन घ्यावी? कोणी स्वतः बसवली असेल तर अनुभव सांगा. आणि काम करताना कॅमशाफ्ट हलू नये म्हणून तो लॉक करायचं टूल असलेलं गॅरेज फोंडा-मडगावकडे आहे का, की टो करून बेळगाव गाठू? चोर्ला घाटातून चालवत तर मुळीच नेणार नाही.