प्रतिसाद: एक जोडी पुरत नाही
'दोन क्वांटम संगणक एकदा एंटँगल केले (क्वांटम अवस्थेने एकमेकांत गुंतवले) की झालं, मग ते एकत्र काम करत राहतील,' असं मूळ लेखात म्हटलंय. तिथेच घोळ आहे. एंटँगल्ड जोडी, म्हणजे दोन यंत्रांत एकेक ठेवलेले गुंतलेले क्यूबिट (क्वांटम बिट), हा लोकलचा पास नव्हे, एकेरी तिकीट! दोन यंत्रांतल्या क्यूबिटांवर एक सीनॉट गेट (एका, म्हणजे कंट्रोल क्यूबिटानुसार दुसरा उलटवणारी क्रिया) चालवलं की एक जोडी खर्ची पडते, शिवाय दोन्हीकडून एकेक साधा बिट पाठवावा लागतो. स्वॅपला, म्हणजे दोन क्यूबिटांच्या अदलाबदलीला, दोन जोड्या. कंट्रोल क्यूबिट तोच असेल, तर लागोपाठची काही गेटं एकाच जोडीत भागतात. खरी काटकसर तिथे.

आणि जोड्या पोचवायच्या कशा? फोटॉनांवरून, म्हणजे प्रकाशकणांवरून. फायबरमध्ये प्रकाशाची किलोमीटरला ०.२ डेसिबल घट धरली, तर पवई ते कुलाबा ३० किमी फायबरमधून चारातला एक फोटॉन पोचेल. १५० किमीला, म्हणजे साधारण पुण्यापर्यंत, हजारात एक.